४४०००१ च्या पोटात काय आहे?

मंडळी, वहीत ठळक लिहा: ४४०००१. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, तेव्हापासून राख्यांच्या पाकिटांवर, लग्नपत्रिकांवर हा आकडा किती हातांनी लिहिला असेल! पण चार लाख चाळीस हजार एक ही एक संख्या आहे, असं म्हणून आपण तिच्याकडे कधी पाहिलंच नाही. आज पाहू.

अंकांची बेरीज करा. चार नि चार आठ, आठ नि एक नऊ. म्हणजे नऊने भाग जाणार. भागाकार ४८८८९. याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणून आता तीनचं काम संपलं. दोन आणि पाच तर शेवटचा अंक पाहूनच बाद. मग सात. सात गुणिले ६९८४ म्हणजे ४८८८८. एक उरला! अकरा, तेरा, सतरा... प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच. काल रात्री हे सगळं मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करत होतो. ९७ शी आलो आणि हात थबकला, कारण ९७ गुणिले ५०४ म्हणजे परत ४८८८८. पुन्हा एकानेच हुकलं! मुलांनो, एकदा तरी हे हातानं करून बघा.

थांबायचं कुठं? २२१ चा वर्ग ४८८४१, २२२ चा ४९२८४. दोन संख्यांचा गुणाकार ४८८८९ यायचा तर त्यांतली लहान संख्या २२१ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून सातपासून २११ पर्यंतच्या ४४ मूळ संख्या तपासल्या की झालं. एकीनेही भाग जात नाही. ४८८८९ ही मूळ संख्याच आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ४८८८९ ला चारने भागलं तर बाकी एक. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली एका पत्रात लिहिलं. सिद्धता ऑयलर या स्विस गणितज्ञाने दिली, सुमारे शंभर वर्षांनी. म्हणजे ते दोन वर्ग आहेत हे शोधण्याआधीच पक्कं! शोधायला मला पाऊण तास लागला. ७५ आणि २०८. सुरुवातीला भागलेला नऊ हा तीनचा वर्ग, म्हणून दोन्हींची तिप्पट करा: २२५ आणि ६२४. पहिल्याचा वर्ग ५०६२५, दुसऱ्याचा ३८९३७६. मांडा एकाखाली एक, करा बेरीज. आलं ना जीपीओ?

पुढच्या रांगेतली ताई विचारतेय, सगळ्याच पिनकोडांचं असं होतं का? नाही गं. आपल्या नागपूरचाच ४४०००३ घे. कुठल्याही वर्गाला चारने भाग, बाकी शून्य किंवा एकच येते. दोन वर्ग मिळवले तर शून्य, एक किंवा दोन. आणि ४४०००३ ला चारने भागलं की उरतात तीन.