आजोबा, डोळे उघडा बघू

[दृश्य: सकाळचा आयसीयू. सिरिंज पंपावरचा आकडा.]

सकाळचे सात. रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवते आहे. चौथ्या बेडवर सत्तरीतले आजोबा. न्यूमोनिया. घशात नळी, नळीला व्हेंटिलेटर. उशाशी सिरिंज पंप, त्यातल्या सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं औषध. तासाला ६ एमएल, थेंबाथेंबानं शिरेत चाललंय.

बाहेर बाकावर मुलगा बसलाय. डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलंय, "झोपेचं इंजेक्शन चालू आहे." त्याला हायसं वाटलं. बाबांना त्रास तरी होत नाहीये. त्याचं काही चुकत नाही. घशातली नळी सहन होत नाही, घाबरलेला माणूस ती ओढून काढायला बघतो. झोपेचं औषध लागतंच. पण ते कोणतं, किती आणि किती दिवस, यावर आजोबा कधी जागे होतील आणि जागे झाल्यावर मुलाला ओळखतील का, हे बरंचसं अवलंबून असतं.

हे डॉक्टरांच्या लक्षात आलं ते मोठी किंमत मोजून. स्कॉटलंडमधलं ग्लासगो, १९८३. अपघातातल्या गंभीर जखमींना झोपवून ठेवण्यासाठी तिथे एटोमिडेट नावाचं औषध सलग दिलं जायचं. त्यानं रक्तदाब फारसा पडत नाही, म्हणून ते भरवशाचं वाटे. पण जखमींचे मृत्यू वाढल्याचं तिथल्याच दोन डॉक्टरांना दिसलं आणि त्यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं. पुढे कारण सापडलं. संकटात शरीराला तगवून धरणारं कॉर्टिसॉल बनण्याचं कामच एटोमिडेट बंद पाडत होतं. पेशंट शांत पडलेले दिसत होते, आणि त्यांचा आतला आधार सुटत चालला होता.

[दृश्य: औषधांचा ट्रे. तीन बाटल्या.]

आज आयसीयूत मुख्यतः तीन औषधं दिसतात. मिडाझोलाम हे जुनं आणि स्वस्त. ते चरबीत साठत जातं. किडनी कमजोर असली तर त्याचे उरलेले अंशही गुंगी लांबवतात, आणि पंप बंद केला तरी पेशंट लगेच उठत नाही.

दुधासारखं दिसतं ते प्रोपोफॉल. पंप थांबवला की माणूस लवकर शुद्धीवर येतो, हा त्याचा मोठा गुण. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्यात घोटून बनवतात. अशा स्निग्ध मिश्रणात जंतूही झपाट्यानं वाढतात. म्हणून सिस्टर दर १२ तासांनी सिरिंज आणि नळी बदलते. प्रोपोफॉलनं रक्तदाब पडतो. मोठा डोस बरेच दिवस चालला तर क्वचित रक्तात आम्ल वाढतं, स्नायू विरघळू लागतात, हृदय बंद पडू शकतं.

तिसरं डेक्समेडेटोमिडिन. आयसीयूत सगळे ‘डेक्स’ म्हणतात. यावरचा पेशंट हाक मारली की डोळे उघडतो आणि त्याचा श्वासही फारसा दबत नाही. पण नाडी मंदावते. आणि खूप गाढ झोपवायचं असेल तर एकट्या डेक्सनं भागत नाही.

मग चांगलं कोणतं? २००९ साली ३७५ पेशंटांवरच्या एका चाचणीत डेक्स आणि मिडाझोलाम समोरासमोर ठेवले. मिडाझोलामवरच्या ७६.६ टक्के पेशंटांना डिलिरियम झाला, डेक्सवरच्या ५४ टक्क्यांना. डिलिरियम म्हणजे आपण घरी म्हणतो ना, "बाबा काहीतरी बरळतायत", ते. भिंतीवर मुंग्या दिसतात, सिस्टर विष देतेय असं वाटतं. ज्या घरानं हे पाहिलंय त्याला टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही. डेक्सवाल्यांच्या नळ्याही सुमारे दोन दिवस आधी निघाल्या. मात्र नाडी मंदावण्याचं प्रमाण डेक्सवर ४२ टक्के होतं, मिडाझोलामवर १९.

असं वाटलं की उत्तर मिळालं. मग २०१९ मध्ये आठ देशांतल्या सुमारे ४,००० पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल आला. एका गटाला मुख्यतः डेक्स, दुसऱ्याला नेहमीची औषधं. ९० दिवसांतले मृत्यू दोन्हींकडे २९.१ टक्के. दशांशापर्यंत सारखे. त्याच आकड्यांची वयानुसार फोड केल्यावर ६५ आणि त्याखालच्या पेशंटांत डेक्सवर मृत्यू जास्त दिसले, आणि २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी डॉक्टरांना तसा इशारा दिला. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांना चाललं ते पस्तिशीतल्या पोरालाही चालेल, असं धरून चालता येत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो २००० साली शिकागोत झालेला १२८ पेशंटांचा अभ्यास. त्यात नवं औषध कुठलंच नव्हतं. काहींना मिडाझोलाम, काहींना प्रोपोफॉल. एका गटात रोज सकाळी पंप बंद करायचा आणि पेशंट जागा होतो का बघायचं, एवढाच फरक. त्या गटाचे व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. पंपाचं बटण दाबायला पैसे पडत नाहीत. जिथे मिडाझोलामवरच भागवावं लागतं, तिथेही हे करता येतं. फिट येत असतील किंवा डोक्यातला दाब वाढलेला असेल तर मात्र करत नाहीत.

[दृश्य: चौथा बेड.]

डॉक्टरांनी मान हलवली. सिस्टरनं पंप थांबवला. पंधरा मिनिटं झाली. ती वाकते.

"आजोबा, डोळे उघडा बघू. माझ्याकडे बघा."

पापण्या हलतात. नजर तिच्यावर येते. सिस्टर मनात मोजते आहे. दहा सेकंदांपेक्षा जास्त नजर टिकली तर गुंगी मोजायच्या पट्टीवर उणे एक, त्याआधी सुटली तर उणे दोन. आठ, नऊ, दहा, अकरा.

"आता माझा हात दाबा."

दाबला. हलकाच, पण दाबला. ती दाराकडे वळून मुलाला आत बोलावते. थोड्या वेळानं आजोबा नळीशी झगडू लागतात, खोकतात, हात वर येतो. मुलगा तो हात धरून ठेवतो. पंप पुन्हा सुरू होतो. तासाला ३ एमएल.