पंप वाढवून द्या, उस्ताद

श्रोतेहो, नमस्कार.

"उस्ताद, पंप जरा वाढवून द्या." नाशिकच्या द्वारकेजवळ माझं डिझेल पंप आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलचं दुकान होतं, तेव्हा हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडायचं. मुंबईहून लोखंड भरून सातपूरला आलेला ट्रक, कसारा घाट दुसऱ्या गिअरवर रडत चढलेला, आणि ड्रायव्हरची तक्रार एकच, गाडी ओढत नाही. त्या जुन्या पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल जाऊ द्यायचं हे ठरवणारा एक स्क्रू असायचा. स्क्रूला तार आणि तारेला शिशाचं सील. पक्कडीने तार तोडायची, लॉकनट सैल करायचा, स्क्रू पाव आटा फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. गाडी दुकानातून निघाली की मागच्या रिक्षावाल्याचं तोंड काळं, आणि ड्रायव्हर खूश.

आता दुकान मुलगा बघतो. तरी माझ्याकडे तोच प्रश्न येतो, फक्त कपडे बदलून. गंगापूर रोडचा कुणीतरी तरुण येतो, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये चढत गेलेल्या रेघांचा आलेख. "काका, डिझेलचा रिमॅप करून घेऊ का? पैसे वसूल होतील का?"

दोन वेगळे प्रश्न एका दमात विचारतो तो. त्यातला पैशाचा आपण आज नीट बघू.

आजच्या गाडीत तो स्क्रू नाही. त्याच्या जागी बॉनेटखाली ॲल्युमिनियमची एक चपटी डबी आहे, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तिच्यात पाढ्यांच्या पुस्तकासारखे तक्ते भरलेले असतात. इंजिनचे फेरे इतके आणि ॲक्सिलरेटर इतका दाबला, तर डिझेल इतकं. आत हवा इतकीच आली असेल, तर यापुढे डिझेल द्यायचं नाही, धूर होईल. टर्बोने, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याने, दाब इतकाच करायचा. गिअरबॉक्सवर जोर इतकाच टाकायचा. हे तक्ते बदलून पुन्हा डबीत भरायचे, म्हणजे रिमॅप.

डिझेल इंजिन यात गंमतीचं आहे. पेट्रोल गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा हवेचं दार उघडतो. डिझेलमध्ये हवा मोकळीच आत येते, गरजेपेक्षा जास्तच येते, आणि सगळा खेळ डिझेल किती टाकलं यावर. म्हणजे हवा शिल्लक आहे तोवर डिझेल वाढवा, ताकद वाढते. वर टर्बो असेल तर त्याच्याकडून हवाही वाढवून मागता येते. म्हणून टर्बो डिझेलला रिमॅप चांगला लागतो. वीस-तीस टक्के ताकद वाढल्याचं सांगतात, आणि ते खोटं नाही. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत तेवढेच पैसे घाला, हाती फारसं काही लागत नाही.

मग कंपनीनेच ही ताकद का दिली नाही? कारण कंपनी एका गाडीचा विचार करत नाही. तीच गाडी लडाखलाही जाते आणि मे महिन्यात मालेगावलाही. कुणी भेसळीचं डिझेल भरतो, कुणी एअर फिल्टर तीन वर्षं बदलत नाही. या सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा कंपनी मोकळी ठेवते. रिमॅपवाला तुमच्याच गाडीतली ती मोकळी जागा तुम्हाला विकतो.

नाशिककराला हे खरं तर शिकवायला नको. आपल्या सातपूरला मायको. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, चौक मात्र अजून मायको सर्कलच. डिझेल इंजिनची नोझल तिथे बनतात, आणि माझ्या ओळखीतले कितीतरी फिटर तिथेच अप्रेंटिस होते. नोझलची सुई आणि तिची बॉडी जोडीने घासलेली असते. एकीची सुई दुसरीत चालत नाही. आम्ही सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून बॉडीत घालायचो, थोडी वर ओढून सोडायचो. ती स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली सरकत बसली पाहिजे. धपकन पडली तर झिजलेली, अडकली तर घाण. आजच्या गाडीत सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतून, कॉमन रेलमधून, डिझेल मिळतं, आणि ते फवारणाऱ्या इंजेक्टरचं काम तर याहून नाजूक. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बारच्या घरात जातो. ३,००० आरपीएमला एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा डिझेल फवारलं जातं, आणि त्या प्रत्येक वेळेचे पुन्हा बारीक बारीक तुकडे पाडलेले. रिमॅपमध्ये या इंजेक्टरला सांगितलं जातं, जरा जास्त वेळ उघडा राहा. तो राहतोही. लॅपटॉप सांगेल ते ऐकतो बिचारा. पण लोखंड तेच असतं.

आता माझी गोष्ट. दुकानात बसून लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने स्वतः काय केलं, तर २०१८ साली रिमॅप केला.

गाडी २०१३ ची स्विफ्ट, १.३ डिझेल. हे फियाटचं इंजिन इतक्या गाड्यांत बसलं, मारुतीत, टाटात, खुद्द फियाटमध्ये, की लोक त्याला गंमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. १,२४८ सीसी, ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. उत्तम इंजिन, पण २,००० आरपीएमच्या खाली झोपलेलं. कसारा चढताना पुढे टँकर, तुम्ही चौथ्यात, आरपीएम सोळाशे. पाय दाबा, काही नाही. गाडी विचार करते. मग एकदम टर्बो जागा होतो, तोवर टँकरच्या बाजूची जागा गेलेली.

मला कुणीतरी सांगितलं होतं, अर्टिगा आणि सियाझमध्ये हेच इंजिन ९० अश्वशक्तीचं आहे, फरक फक्त सॉफ्टवेअरचा. हे अर्धसत्य. त्या इंजिनवरचा टर्बो वेगळा, पाती हलणारा. सॉफ्टवेअर बदलून टर्बोची पाती हलायला लागत नाहीत. मला हे माहीत होतं, आणि तरी मी गेलो. हौसेला काय उत्तर?

स्टिअरिंगखालच्या खोबणीत केबल लावली, बॅटरीला चार्जर जोडला, कारण फाइल भरताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू कायमचा झोपू शकतो. आधी मूळ फाइल वाचून घेतली. ती मी पेन ड्राइव्हमध्ये मागून घेतली. तेवढी अक्कल शाबूत होती. दोन कप चहात काम झालं. २८,००० रुपये.

खोटं कशाला बोलू, गाडी मस्त झाली. १,८०० च्या पुढे पाठीवर कुणी हात ठेवून ढकलावं तशी. कसाऱ्यात तिसरा टाकायची गरज संपली, राहुड घाटात पण तेच. १,६०० ला मात्र ती अजूनही विचारच करायची. तिथे टर्बोला फिरायला पुरेसा धूरच मिळत नाही, त्याला लॅपटॉप काय करणार?

पण पैसे? "ॲव्हरेज वाढतं, डिझेलमध्ये पैसे सुटतात," असं सांगून रिमॅप विकला जातो. कागद घ्या हाताशी. वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज १८. म्हणजे ६६७ लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर ६०,००० रुपये. समजा ॲव्हरेज पाच टक्क्यांनी वाढलं, १८.९ झालं. डिझेल ६३५ लिटर. सुटले २,८८० रुपये. वर्षाचे. २८,००० वसूल व्हायला जवळपास दहा वर्षं. तीही तुम्ही रिमॅपनंतर पूर्वीइतक्याच हलक्या पायाने चालवली तर. आणि तितक्याच हलक्या पायाने चालवायची तर केला कशाला? माझं ॲव्हरेज पहिले दोन महिने एकाने घटलं, कारण मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत मी उगाचच पाय दाबून बघायचो.

नंतरचा खर्च मोजायला लोक विसरतात. आठ-नऊ महिन्यांनी वणीला निघालो, नांदुरीच्या पुढे गडाचा घाट. चार माणसं, चौथ्या गिअरला पाय दाबला, आरपीएमचा काटा वर आणि गाडी तिथल्या तिथे. मग तो वास. एकदा ओळखला की विसरत नाही, जळक्या क्लच प्लेटचा. प्लेट १९० च्या जोरासाठी बनलेली, मी तिला दोनशे तीसच्या पुढे ताणत होतो. शिवाय पाच वर्षांची जुनी. अकरा हजार. माझी गाडी छोटी म्हणून सुटलो. मोठ्या गाड्यांत क्लचमागे ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे दोन भागांचं जड चाक असतं, तिथे हाच हिशेब अकरावर थांबत नाही, त्याच्या कित्येक पट होतो.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटीवर पाणी सोडायचं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या दिवशी नडू शकतो.

आणि १ एप्रिल २०२० नंतरची, प्रदूषणाच्या कडक नियमांतली बीएस सहा डिझेल असेल, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर बसवलाय, डीपीएफ. डिझेल वाढवलं की काजळी वाढणार, फिल्टर लवकर तुंबणार. मग रिमॅपवाला म्हणतो, "फिल्टरच काढून टाकू, सॉफ्टवेअरला कळणार नाही." पीयूसीच्या मशीनला कळेल. बीएस चार डिझेलला धुराची मर्यादा १.६२ होती, बीएस सहाला ०.७. सॉफ्टवेअरने प्रदूषण लपवायचा खेळ फोक्सवॅगनने केला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत पकडले गेले आणि जगभरच्या एक कोटीहून जास्त गाड्या त्यात निघाल्या. एवढी मोठी कंपनी सापडली, तर आपला गाळेवाला कोण लागून गेला?

आणखी एक. रिमॅप करायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना रिमॅप नकोच असतो. माझा भाचा आला होता, आठ वर्षांची गाडी, "मामा, पिकअप मेला." बॉनेट उघडलं. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी पाइपाला खालून बोटभर चीर, भोवती ऑइल आणि धूळ यांचा काळा लेप. टर्बो इमानदारीत हवा दाबत होता आणि ती हवा चिरेतून बाहेर जात होती. पाइप बदलला, थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमधली काजळी खरवडली, एअर फिल्टर नवा घातला. चार हजारांच्या आत गाडी पुन्हा पळायला लागली. त्याने आधी रिमॅप केला असता, तर फुटक्या पाइपातून जास्त जोरात हवा गेली असती आणि मागून काळा धूर. म्हणून येणाऱ्याला मी आधी विचारतो, गाडी पहिल्यापासून अशी आहे की हल्ली झाली? हल्ली झाली असेल तर ती आजारी आहे. आजारी बैलाला जास्त चारा घालून नांगराला जुंपत नाहीत.

मग करावा कुणी? वॉरंटी संपलेली, इंजेक्टर तपासलेले, टर्बोत ऑइल नाही, क्लच नवा किंवा नवा टाकायची तयारी, पीयूसी प्रामाणिकपणे पास होईल एवढाच डिझेलचा वाढावा, कायद्याची जोखीम डोळसपणे घेतलेली, आणि हे पैसे हौसेचे आहेत हे घरात सांगायची हिंमत. असा माणूस मला चाळीस वर्षांत दोनदा भेटला. त्यातला एकही मी नव्हे.

क्लच बदलला त्याच दिवशी मी पेन ड्राइव्ह काढला आणि मूळ फाइल परत भरून घेतली. घरी बायकोला काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात मुंबईहून येताना ती कसाऱ्यात चक्क झोपली. वर आल्यावर जागी होऊन म्हणाली, "गाडी दुरुस्त केली वाटतं. आता हँडल धरून बसावं लागत नाही."

त्या कसाऱ्याचंही आता वेगळंच झालंय. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. परवा त्यातून आलो, पाचव्या गिअरमध्ये, रेडिओ बंद पडला तेवढंच. टँकर डाव्या बाजूला, मी उजव्या. मूळ तक्त्यांवर, ७५ अश्वशक्तीत. ज्या चढासाठी मी २८,००० मोजले होते, तो चढ डोंगरावर राहिला होता आणि मी खालून चाललो होतो.

नमस्कार.