ताप गेला, मग आता केस का गळतायत?

राम राम मंडळी! आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे पावसाळ्यात डेंग्यू, चिकुनगुनियाचा ताप येऊन जातो आणि मग दिवाळी झाली, वांग्याच्या भरताचे दिवस सुरू झाले की घरोघरी ऐकू येतं, माय वं, कंगव्यात नुसता पुंजका येतोय, बोअरचं पाणीच खराब आहे, नाहीतर त्या नव्या शाम्पूनं केलं असेल. तापाचं नाव कोणी घेत नाही, कारण तो जाऊन दोन-तीन महिने झालेले असतात ना. पण बहुतेक वेळा कारण तोच असतो!

होतं काय, डोक्यावरचे शंभरातले 85-90 केस वाढत असतात, बाकीचे आराम करतात आणि तीनेक महिन्यांनी गळतात, म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं नॉर्मलच आहे. जोराचा ताप आला की वाढणारे बरेच केस एकदमच आरामाला जातात आणि मग गळतातही एकदमच. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात, कोरोनानंतरही कितीतरी जणांना हेच झालं. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, तो बघून पोरी रडतात की मुळासकट गेला. अगं बाई, मूळ कातडीत शाबूत आहे, तिथूनच नवा केस येणार आहे.

म्हणून भीतीनं डोकं धुवायचं सोडू नका, जो केस सुटलाय तो आज नाहीतर उद्या पडणारच. टक्कल केल्यानं केस दाट येत नाहीत, महागडं तेलही हे गळणं थांबवत नाही, त्या पैशांची अंडी आणा, डाळी आणा. आपली कळण्याची भाकरी आहेच की, ज्वारीत उडीद असतो, सोबत मटकीची उसळ घ्या. तापातून उठल्यावर निव्वळ चहा-बिस्किटावर राहणाऱ्या बायांची मला खरंच काळजी वाटते, आणि बारीक व्हायचं म्हणून कोणी उपाशी राहत असेल तर ते आत्ता नकोच.

गळणं साधारण सहा महिन्यांत थांबतं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वेळ लागेल. पण गोल चट्टे पडले, खाज-खपल्या आल्या किंवा सहा महिन्यांनंतरही गळतच राहिले तर स्किनच्या डॉक्टरांकडे जाच. ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतील, आणि केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा हं, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.