महिला व बालविकास मंत्री नेमकं करतात काय? टेकडी रोडवरून सांगतो

नमस्कार मंडळी! माझ्या मागे दिसतोय तो नागपूरचा टेकडी रोड. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मोर्चे इथंच येऊन अडतात. विधानभवन समोरच, पण मधे बॅरिकेड. यातला अंगणवाडी सेविकांचा मोर्चा मी दरवेळी थांबून बघतो.

त्यांचा प्रश्न एकच, मानधन कधी वाढणार? विचारतात महिला व बालविकास मंत्र्यांना, म्हणजे आत्ता अदिती तटकरेंना. बाकी लोकांसाठी या मंत्री म्हणजे 'लाडक्या बहिणी'चा 1500 रुपयांचा हप्ता. तो कधी येणार, एवढंच काय ते विचारायचं!

आता गंमत पाहा. अंगणवाडी याच खात्याची. 1975 पासून योजना चालू आहे. पण सेविकेला पगार नाही, मानधन. त्यातला काही वाटा दिल्लीचा, काही मुंबईचा. आकडा वाढवायचा तर फाईल वित्त विभागाकडे जाणार, मग मंत्रिमंडळापुढे. ग्रॅच्युइटीचा हक्क तर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तोही गुजरातच्या खटल्यात.

स्वतःच्या खात्यात ही गत, तर बाहेर काय?

समजा, हिंगणा एमआयडीसीतून एक ताई रात्री आठला सुटते. बस महानगरपालिकेची. रस्त्यावर कोणी त्रास दिला तर पोलीस गृह खात्याचे. मजुरी कमी दिली तर कामगार विभाग. कंपनीत लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती मालकानेच नेमायची. घरी नवरा मारतो? इथे मात्र थेट हेच खातं, कारण 2005 च्या कायद्यातले संरक्षण अधिकारी त्यांचे. म्हणजे ताईच्या अख्ख्या दिवसातला एक तुकडा या मंत्र्यांच्या हातात.

मग खरं काम कोणतं? माझ्या मते, दुसऱ्यांच्या फायलीत नाक खुपसणं! आईच्या नावाचंच घ्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आई, मग वडील, मग आडनाव. प्रस्ताव महिला व बालविकासचा, पण दाखला आरोग्याचा, शाळेचा रजिस्टर शिक्षणाचा, सातबारा महसूलचा. सगळ्यांना हलवलं तेव्हा झालं. मला हा निर्णय हप्त्यापेक्षा मोठा वाटतो. पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा.

ब्रिटनमध्ये 1997 साली हॅरिएट हरमन महिलांसाठीच्या मंत्री झाल्या, तेव्हा सामाजिक सुरक्षेचं जाडजूड खातंही त्यांच्याकडेच होतं. शब्दाला वजन येतं ते असं. आपल्याकडे बाईला बालकासोबत बांधून ठेवलंय, खात्याच्या नावातसुद्धा.

आणि हे नागपूरला नवीन नाही जी. जुलै 1942 मध्ये इथेच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. गिरणीतल्या बायांना रजा हवी, हा ठराव त्यात होता. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, मजूर खात्याचे सदस्य म्हणून. महिलांचं खातं तेव्हा कुठे होतं? रजेची चावी मजूर खात्यातच होती.

मागच्या मोर्चात एका सेविकाताईच्या हातातलं निवेदन वाचलं. वर लिहिलेलं, 'मा. मंत्री, महिला व बालविकास'. खाली बारीक अक्षरात, 'प्रत: मा. अर्थमंत्री'.