यात जेवायची सुट्टी कुठे आहे?

(कॅलिफोर्नियातील आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आपल्या हातात तिळगूळ आहे आणि आज गोडच बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी आमच्या घरातल्या एका भांडणाविषयी बोलणार आहे, कारण ते झाल्यापासून माझ्या मनात दुसरा विषयच नाही.

माझी धाकटी लेक आठवीत आहे. येत्या ऑगस्टमध्ये ती हायस्कूलला, म्हणजे नववीत जाईल. तिच्या शाळेतून विषय निवडण्याचा फॉर्म आला. फॉर्म एका पानाचा होता, पण मी तीन रात्री बसून चार वर्षांचा तक्ता तयार केला. नववी ते बारावी असे चार रकाने, झीरो पिरियडपासून, म्हणजे शाळा भरण्याआधीच्या जादा तासापासून, सातव्या तासापर्यंतच्या ओळी, कॉलेजच्या पातळीच्या एपी विषयांना पिवळा रंग आणि नेहमीपेक्षा कठीण अशा ऑनर्स वर्गांना हिरवा. तो छापून मी तिच्यापुढे ठेवला. तिने नववीच्या रकान्यावरून बोट फिरवत तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि अगदी शांतपणे विचारले, "आई, यात जेवायची सुट्टी कुठे आहे?"

ती नव्हती. मी विसरले नव्हते. तिथे आणखी एक विषय बसत होता, म्हणून ती ओळ मी काढून टाकली होती. त्यानंतर आमचे आवाज चढले, दार आपटले गेले आणि रात्रीचे जेवण तसेच राहिले. ते सगळे मी इथे सांगत नाही. पण त्या प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते आहे.

आपल्यापैकी ज्यांची मुले यंदा नववीत जाणार आहेत, त्यांच्या घरी हाच फॉर्म आलेला असेल किंवा येत्या महिन्याभरात येईल. त्यावरचे शब्द आपण इंग्रजीत वाचतो, पण त्यांचा अर्थ मात्र आपल्या शाळेच्या आठवणींतून लावतो. आपण तुकड्यांत वाढलो. 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी हा भेद आपल्या हाडीमासी खिळला आहे, त्यामुळे ऑनर्स म्हटले की आपल्याला 'अ' तुकडी दिसते आणि साध्या वर्गाला आपण नकळत 'ड' समजतो. इथे तशी तुकडी नाही. एकच मूल इंग्रजीसाठी ऑनर्सच्या वर्गात, गणितासाठी साध्या वर्गात आणि पुढच्या तासाला सिरॅमिक्सच्या, म्हणजे मातीकामाच्या, चाकावर बसते, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. तो वाटायला आपण लावतो.

दुसरी आठवण बोर्डाची. आपली दहावी मार्चमधल्या एका परीक्षेत ठरली. नववीत कोणाला किती गुण होते, हे अकरावीच्या प्रवेशाला कोणी विचारले नाही. इथे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत नोंद, नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासून लिहिली जाते आणि एकेक विषय, एकेक सेमिस्टर करत चार वर्षे साठत जाते. त्या साठवणीचे माप म्हणजे क्रेडिट. हे माप जुने आहे. १९०६ साली ठरलेल्या कार्नेगी युनिटमध्ये वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास धरलेले होते आणि आजचे क्रेडिट त्याच हिशेबातून आले आहे. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळांत एका सेमिस्टरला पाच, म्हणजे वर्षाच्या विषयाला दहा क्रेडिट मिळतात.

इथे आमची एक मोठी चूक झाली, ती सांगते. थोरल्याला नववीच्या दुसऱ्या सेमिस्टरला जीवशास्त्रात डी, म्हणजे काठावरची श्रेणी, मिळाला. शाळेच्या नोंदीत पाचही क्रेडिट जमा दिसली, तेव्हा तो विषय मार्गी लागला असे आम्ही धरून चाललो. शाळेतून कोणी काही सांगितले नाही, आणि काय विचारायचे तेच आम्हाला माहीत नव्हते. अकरावी संपत आली तेव्हा कळले की हायस्कूलच्या डिप्लोमासाठी डी चालतो. पण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही सरकारी विद्यापीठांना प्रवेशासाठी जे ए-जी, म्हणजे ए ते जी अशा सात गटांतले, विषय लागतात, त्यांत किमान सी असावा लागतो. म्हणजे एकाच सेमिस्टरचा हिशेब दोन वह्यांत दोन प्रकारे लिहिला जातो. त्याने तो सेमिस्टर उन्हाळ्यात पुन्हा केला. त्या उन्हाळ्यात तो साताऱ्याला जाणार होता. आजोबांनी त्याच्यासाठी आंब्याची अढी लावून ठेवली होती; रोज सकाळी गवत बाजूला सारून ते फोनवर त्याला आंब्यांचा रंग दाखवत असत. तो गेला नाही.

म्हणून हे ए-जी प्रकरण प्रत्येक घरात एकदा बसून, मुलांसह वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्षभराचे एकूण १५ विषय आहेत: इंग्रजी चार वर्षे, गणित तीन, इतिहास आणि समाजशास्त्रे दोन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन, कला एक आणि एक इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा ऐच्छिक विषय. गणिताची चार, विज्ञानाची तीन आणि भाषेची तीन वर्षे केली तर अधिक चांगले, असे विद्यापीठच सांगते. या १५ पैकी ११ अकरावी संपेपर्यंत झालेले असावे लागतात. आपल्या शाळेचा कोणता वर्ग यात धरला जातो, हे यूसीच्या ए-जी यादीत शाळेचे नाव शोधले की दिसते. राज्याबाहेरची आणि खासगी विद्यापीठे आपापले नियम लावतात, पण पाया बहुतेक हाच असतो.

यातली कला नीट पाहा. लेकीने सिरॅमिक्स मागितले होते आणि मी "नंतर बघू" म्हणून ते बारावीत ढकलले होते. ज्याला मी फावल्या वेळचा छंद समजत होते, तो त्या पंधरांतलाच एक विषय आहे.

जीपीएबद्दल, म्हणजे सगळ्या श्रेणींच्या सरासरीबद्दल, मात्र आपल्याकडे नको तेवढी चर्चा होते. ४ पैकीचा साधा आकडा आणि एपीला जादा गुण धरून होणारा ४ च्या वरचा आकडा, हे दोन वेगळे हिशेब आहेत. यूसी तिसराच हिशेब करते: त्यात दहावी आणि अकरावीचे ए-जी विषयच येतात आणि जादा गुण फार तर आठ सेमिस्टरचे मिळतात. म्हणजे सगळे रकाने पिवळे केले तरी त्या आकड्यात एका मर्यादेपलीकडे भर पडत नाही. हे मी तक्ता केल्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

आता गणित. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत आपण एकमेकांना मुलांची नावे विचारण्याआधी "कुठल्या मॅथला आहे?" असे विचारतो. मंडळी, हे थांबवायला हवे. ती मुले आपल्या शेजारी ताट घेऊन उभी असतात आणि सगळे ऐकत असतात. नववीत अल्जेब्रा-वन केलेले मूलही पुढे भूमिती, अल्जेब्रा-टू आणि प्रीकॅल्क्युलस या क्रमाने चौथ्या वर्षी प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचते, आणि तो मार्ग कमअस्सल नाही. मुलाला चुकीच्या वर्गात बसवले आहे, असे खरोखरच वाटत असेल तर रांगेत कुजबुजण्यापेक्षा शाळेचे गणित-प्रवेशाचे धोरण मागा. २०१५ च्या राज्याच्या कायद्यानुसार नववीच्या मुलांना गणिताच्या वर्गात बसवण्याचे निकष शाळांना उघड ठेवावे लागतात आणि शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात त्याची फेरतपासणीही करावी लागते. काउन्सेलरना, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागारांना विचारा, पण नेमके विचारा. २५० विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर असावा, असे त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे आहे, आणि आपल्या राज्यात त्यांच्यावरचा भार त्याहून जास्त आहे. नेमक्या प्रश्नाला त्यांच्याकडून नेमके उत्तर मिळते, हा माझा अनुभव आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्या मराठी शाळेत मुले वर्षानुवर्षे रविवारी येतात, आणि हायस्कूलला गेली की आपणच त्यांना "आता वेळ नाही" म्हणून काढून घेतो. घरच्या भाषेतले प्रावीण्य परीक्षेने दाखवून भाषेची अट पूर्ण करण्याची किंवा बारावीला डिप्लोमावर द्वैभाषिकतेची राज्य मुद्रा (सील ऑफ बायलिटरसी) मिळवण्याची सोय अनेक शाळांत असते. मराठीसाठी तुमच्या शाळेत काय करता येईल, हे नववीतच विचारा. बारावीत विचारून उपयोग होत नाही.

मी पुन्हा त्या जेवायच्या सुट्टीकडे येते. मुलांची झोप व्हावी म्हणून आपल्या राज्याने कायदा केला आणि २०२२ च्या जुलैपासून हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायचे नाही असे ठरवले. त्या कायद्यात झीरो पिरियडला सूट आहे. सरकारने जी झोप मुलांना परत दिली, ती झीरो पिरियडवर खूण करून आपण काढून घेतो. मग दुपारचे जेवणही काढून घेतो, आणि हे सगळे आपण मुलांच्याच भल्यासाठी करतो, असे मनापासून मानतो. मीही मानत होते.

त्या रात्री मी तक्ता फाडला आणि दुसऱ्या दिवशी कोरा फॉर्म लेकीला दिला. म्हटले, तुझा तूच भर, मी बघणारही नाही. परवा तिने तो पेन्सिलने भरून माझ्यापुढे ठेवला. जेवायची सुट्टी परत आली आहे. बाकी सगळे माझ्या तक्त्यात होते तसेच्या तसे आहे. इंग्रजीला ऑनर्स, जीवशास्त्राला ऑनर्स, सकाळी झीरो पिरियड. सिरॅमिक्स नाही. मी म्हटले, "अगं, तुला हवे होते ना?" ती फॉर्मकडे बघतच म्हणाली, "नंतर बघू."

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. तो अजून आमच्या टेबलावर आहे, आणि शेजारी तिचा खोडरबरही ठेवलेला आहे.