पोत्यामागे किती झाकणं?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात वर्धेजवळच्या एका गावातून सकाळी सकाळी फोन आला. "साहेब, काल स्लॅब टाकला. जिन्याकडचा कोपरा अजून मेणावानी नरम हाये. सिमेंट नकली लागलं का?"

जाऊन पाहिलं. बाकीचा स्लॅब टणक, आणि त्या कोपऱ्यात मात्र अंगठा दाबला की खड्डा पडत होता. बाजूलाच प्लास्टिसायझरची, म्हणजे माल सरकता करायला त्यात घालतात त्या औषधाची, पाच लिटरची रिकामी कॅन लोळत होती. मिस्त्रीला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, "दिवसभर मापानंच टाकलं जी. शेवटी लिटरभर उरलं. म्हटलं परत काऊन न्या? जास्त पडलं त फायदाच हाये ना!"

त्या कॅनवर पोत्यामागे 150 मिली लिहिलं होतं. शेवटच्या दोन पोत्यांच्या मालात अख्खा लिटर गेला, म्हणजे पोत्यामागे 500 मिली. सिमेंट बिचारं असली होतं.

हे औषध करतं काय? पाणी पडलं की सिमेंटचे बारीक कण एकमेकांना चिकटून झुबके करतात आणि त्या झुबक्यांत पाणी अडकून बसतं. माल घट्ट वाटतो. औषधाचे रेणू कणांवर जाऊन बसतात, कणांना एकमेकांपासून दूर लोटतात आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. पाणी तेवढंच राहतं, पण माल धावायला लागतो. एरवी आपण काय करतो? माल घट्ट झाला की बादली उपडी करतो. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटर पाणी ठरलं असेल आणि वरून पाच लिटर पडलं, तर पाण्याचं सिमेंटशी प्रमाण 0.5 वरून 0.6 वर गेलं. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पावसाळ्यात स्लॅब गळतो तो बहुतेक यातूनच. तेव्हा औषध वाईट नाही. मी तर म्हणतो, उन्हाळ्यात ते वापराच.

पण हेच रेणू कणाला वेढून बसतात, म्हणून पाण्याशी होणारी प्रक्रियाही लांबते. कागद कारखान्याच्या लगद्यातून निघणारं लिग्नोसल्फोनेट हे स्वस्त औषध तर यात पटाईत, त्यात थोडी साखरही असते. साखरेची गंमत वेगळीच. पोत्यामागे 25 ग्रॅम साखर पडली की माल चारेक तास उशिरा धरतो, आणि शंभर ग्रॅमच्या वर गेली की धरायचं नावच घेत नाही. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, हे खरं आहे. म्हणून कुणी आजोबा सिमेंटमध्ये गूळ टाकायला सांगतील, तर त्यांना चहा पाजा, पण गूळ टाकू नका. गुळाच्या ड्रममधून बांधकामाचं पाणी आणणंही टाळा.

आता पोतं बघा. त्यावर बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असं लिहिलेलं असतं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांत कोळसा जळून जी बारीक राख निघते, तशी राख या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के असते. राखेचे कण गोल असतात, म्हणून माल मुळातच सरकता होतो. पण राख आळशी. आधी सिमेंट पाण्याशी भिडून चुना सोडणार, मग राख त्या चुन्याशी हळूहळू जुळणार. त्यामुळे औषध जास्त झालं की साध्या सिमेंटपेक्षा पीपीसीत उशीर जास्त जाणवतो. शिवाय राखेत न जळलेला कोळसा राहिला असेल, तर तो औषध स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून शेजाऱ्याच्या पोत्याला चाललेलं माप तुमच्या पोत्याला चालेलच असं नाही. आदल्या दिवशी एका घमेल्यात थोडा माल करा, मापानं औषध घाला, भाकरीएवढी टिक्की थापा आणि दर तासाला खिळा टोचून पाहा. प्रयोगशाळेतही सुईच टोचतात: 30 मिनिटांच्या आत धरायला नको आणि 600 मिनिटांच्या पुढे जायला नको. फक्त तिथलं तापमान 27 अंश असतं, आपल्या अंगणातलं 45.

मोजायला औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घ्या. गुटख्याची पुडी कापून केलेलं माप नको, मी ते पाहिलंय.

हिवाळ्यात उलटा प्रकार. माल लवकर धरावा म्हणून कॅल्शियम क्लोराईडवालं औषध खपवतात. ते स्लॅबमध्ये, म्हणजे लोखंड असेल तिथे, बिलकुल नको. सळई आतून गंजते आणि गंज फुगून सिमेंट फोडतो.

तर तो कोपरा. घरमालक तो फोडायलाच निघाले होते. मी थांबवलं, कारण उशिरा धरलेला माल सुकू दिला नाही तर पुढे ताकद धरतो. ओलं बारदान टाकलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीनं खिळा टोचला आणि खिळाच वाकला. पीपीसीला तराई चौदा दिवस करा म्हटलं, तेही ऐकलं. कोपऱ्याचे टेकू मात्र आणखी आठवडाभर ठेवायला सांगितले, तेव्हा घरमालकांचं तोंड उतरलं. सेंट्रिंगचं भाडं दिवसावर चालू होतं ना!