जॉनरचं बारसं नेहमी उशिराच होतं

एक मिशीवाला दरोडेखोर थेट कॅमेऱ्याकडे बघतो, पिस्तूल उचलतो आणि समोर बसलेल्या पब्लिकवर धाडधाड गोळ्या झाडतो. साल १९०३, पिक्चर 'द ग्रेट ट्रेन रॉबरी', सगळा मिळून साधारण १२ मिनिटांचा. गंमत म्हणजे हा शॉट सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी, असं एडिसन कंपनीने थिएटरवाल्यांना सांगून ठेवलं होतं.

आज आपण याला अगदी सुरुवातीचा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतला घोडे-पिस्तूलवाला पिक्चर म्हणतो, पण तेव्हाच्या लोकांसाठी तो दरोड्याचा, पाठलागाचा, रेल्वेचा पिक्चर होता, आणि शूटिंगही कुठे, तर पार पूर्वेला न्यू जर्सीत!

म्हणजे जॉनर, पिक्चरचा प्रकार, आधी जन्माला येतो, बारसं नंतर. फिल्म नॉयरचंच बघा ना. चाळीसच्या दशकात हॉलीवूडवाले अंधाऱ्या खोल्या, सिगरेटचा धूर आणि फसवणाऱ्या बायका असले पिक्चर काढत होते, आपण मेलोड्रामा किंवा क्राइम पिक्चर बनवतोय असंच त्यांना वाटत होतं. युद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन पिक्चर येणं बंद होतं, संपल्यावर ते सगळे एकदम आले, लागोपाठ बघताना तिकडच्या समीक्षकांना त्यांच्यातलं साम्य दिसलं, आणि १९४६ मध्ये नीनो फ्रँकने 'नॉयर', म्हणजे फ्रेंचमध्ये काळा, हा शब्द वापरला.

बरं, पण नाव पडल्यावर होतं काय? तर पब्लिक हिशोब मांडूनच थिएटरात येतं. हा हिरो, हा व्हिलन, शेवटी दोघं समोरासमोर. डायरेक्टरला काही समजावून सांगावं लागत नाही, अर्धं काम आधीच झालेलं असतं. आणि खरी मजा तो हिशोब चुकवण्यात आहे.

१९६८, इटालियन डायरेक्टर सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. अख्खं कुटुंब गोळ्या घालून मारलंय, एकच लहान मुलगा उरलाय. लांब कोट घातलेली माणसं झुडपातून बाहेर येतात, त्यांच्या म्होरक्याची आधी पाठच दिसते, कॅमेरा हळूहळू फिरत पुढे येतो, आणि चेहरा कुणाचा, तर हेन्री फोंडाचा! ज्याने जवळपास जन्मभर सज्जन माणसं रंगवली तो अमेरिकन हिरो. निळे डोळे, बारीकसं हसू, आणि तो त्या पोरालाही सोडत नाही. फोंडा कोण हे ज्याला माहीतच नाही त्याला यातला धक्का निम्माही बसणार नाही, असं आपलं माझं मत.

याच लिओनेने १९६४ मध्ये जपानी डायरेक्टर कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून, तेही न विचारता, 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला होता, प्रकरण कायद्यापर्यंत गेलं. आणि कुरोसावा स्वतः अमेरिकन डायरेक्टर जॉन फोर्डच्या वेस्टर्नचा चाहता! म्हणजे अमेरिकेचा माल जपानला जाऊन इटलीमार्गे परत आला, आणि येताना हिरो पैशासाठी काम करणारा, बेरकी होऊन आला.

'फिस्टफुल'चा तो हिरो क्लिंट ईस्टवुड. १९९२ मध्ये त्यानेच 'अनफर्गिव्हन' डायरेक्ट केला, बेस्ट पिक्चरचं ऑस्करही मिळवलं. त्यात तो म्हातारा झालाय, डुकरं पाळतो, घोड्यावर चढताना पडतो. एकदा समोर एक डबा ठेवून पिस्तुलाने नेम धरतो. एक गोळी, दुसरी, तिसरी. डबा जागचा हलत नाही. शेवटी चिडून घरात जातो आणि शॉटगन घेऊन येतो.